भाताचं जास्तीचं पाणी

माझा नवरा गेल्यानंतर तीनेक आठवड्यांनी आमच्या घरातला भात बिघडायला लागला. आधी दोन-चार दिवस माझ्या ध्यानातच आलं नाही. तेव्हा कशातच ध्यान नव्हतं. मग एका दुपारी ऑफिसात डबा उघडला तर भाताचा गिच्च गोळा झालेला, कडेने पाणी सुटलेलं, झाकणाला आतून थेंब लटकलेले. मी तो तसाच चमच्याने खाल्ला. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी पाहिलं आणि आपल्या डब्यातली भाजी माझ्यापुढे सरकवली. त्या दिवसांत लोक माझ्याशी बोलत नसत, वस्तू पुढे सरकवत.

मी नाशिकरोडच्या एका कॉलेजात क्लार्क आहे. जवळच उपनगर नावाच्याच वस्तीत आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट. घरात आम्ही तिघं होतो, मी, माझा नवरा आणि त्याची आई. आम्हाला मूल झालं नाही, आणि ते दुःख आम्ही कधीचंच घडी घालून ठेवून दिलं होतं. तो अंबडला एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता. दिवाळीनंतरच्या एका सकाळी कंपनीच्या बसची वाट बघत नाक्यावरच्या टपरीपाशी बाकावर बसला, चहा सांगितला, आणि चहा येईपर्यंत गेला. टपरीवाल्याला वाटलं, डुलकी लागली. आजार नाही, दवाखाना नाही, काही सांगून ठेवणं नाही. सेहेचाळीस वर्षांचा होता.

सासूबाईंना मी आई म्हणते. त्या घोटीजवळच्या एका खेड्यातल्या. सगळा भाताचा मुलूख. तिथल्या आश्रमशाळेत त्यांनी कितीतरी वर्षं पोरांची खिचडी शिजवली. दीडशे-दोनशे पोरं, तीन दगडांची चूल आणि माणूस बसेल एवढं पातेलं. पाणी मोजायला त्यांच्याकडे कधी काही नव्हतं. पातेल्यावर वाकून बघायच्या आणि "अजून दोन घागरी" म्हणायच्या, की तेवढंच लागायचं. सासरे गेल्यावर माझ्या नवऱ्याने त्यांना नाशिकला आणलं. तेव्हापासून आमची वाटणी ठरलेली होती. सकाळच्या पोळ्या आणि भाजी माझी, वरण-भात त्यांचा. मला साडेनऊला ऑफिस गाठायचं असायचं, त्यामुळे मी पोळ्या उरकून आंघोळीला जायची आणि त्या ओट्याचा ताबा घ्यायच्या.

मग त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. एकदा गॅसचं बटण अर्धवट चालू राहिलं आणि घरभर वास पसरला. दुसऱ्याच आठवड्यात माझा नवरा इलेक्ट्रिक कुकर घेऊन आला. पांढरा, घट्ट झाकणाचा, भात झाला की आपोआप बंद होणारा. आईंना तो अपमान वाटला. "बटण दाबायचं नि भात झाला? मग मी काय करायचं घरात?" म्हणाल्या. दोन रविवार तो त्यांच्याशेजारी ओट्यापाशी उभा राहून शिकवत होता. मी बाहेरच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. आत दोघं हसत होते, मधूनच भांडत होते. काय शिकवलं ते मी विचारलं नाही. तिसऱ्या रविवारपासून भात मोकळा, पांढरा, दाणा न् दाणा वेगळा व्हायला लागला आणि पुढे दोन वर्षं मी त्या भाताचा विचारसुद्धा केला नाही.

तर आता तोच भात ओला होत होता. मी आईंना विचारलं, "आई, भात असा का होतोय?"

त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तांदूळ नवा हाय. नव्याला पाणी लय सुटतं."

मला पटलं. तांदळातलं त्यांना कळतं तेवढं आमच्या अख्ख्या कॉलनीत कुणाला कळत नव्हतं. रविवारी मी तो तांदूळ गॅलरीत चादरीवर पसरून दिवसभर उन्हात ठेवला. सोमवारी भात ओलाच. मग दुकानातून जुना तांदूळ आणला. भात ओलाच.

मग मला वाटलं, थंडी असेल. पौषात नाशिकला ओट्याची फरशीसुद्धा बर्फासारखी असते. गरम वाफ गार झाकणाला लागते, तिचं पाणी होतं आणि ते भातात गळतं. मी भात झाल्याझाल्या झाकण उघडून भांड्यावर सुती फडकं टाकून ठेवायला सांगितलं. आई "बरं" म्हणाल्या आणि तसं करायला लागल्या. फडकं ओलं व्हायचं, भातही.

मग मी कुकरबरोबर आलेलं पुस्तक शोधलं. असल्या गोष्टी तो कपाटाच्या खालच्या खणात ठेवायचा. पंखा, मिक्सर, इस्त्री, प्रत्येकाचा कागद वेगळ्या पिशवीत. कुकरच्या पिशवीवर त्याने पेनने लिहिलं होतं, "आईचा कुकर". त्याचं अक्षर बारीक आणि डावीकडे कललेलं. ती पिशवी मी बराच वेळ मांडीवर धरून बसले. मग आतलं पुस्तक उघडून वाचलं. भात ओला होत असेल तर काय बघायचं ते ओळीने दिलं होतं. भांडं बाहेरून कोरडं पुसूनच आत बसवा. वाफेचं भोक साफ करा. झाकणाचं रबर काढून धुवा. मागच्या वाटीत साठलेलं वाफेचं पाणी रोज ओता. पाण्याचं प्रमाण तपासा.

शेवटची ओळ मी वाचली आणि सोडून दिली. प्रमाण आईंकडे होतं. आईंचं प्रमाण काय तपासायचं?

बाकी सगळं केलं. वाफेच्या भोकात टाचणी घातली तर पेजेचा वाळलेला पापुद्रा निघाला. मागची वाटी बुळबुळीत झाली होती. रबर गरम पाण्यात घालून घासलं, पुसून परत बसवलं. संध्याकाळी घरी आले की आधी कुकर उघडायचा, हा माझा नेम झाला. खरं सांगायचं तर मला ते बरं वाटत होतं. दिवसभरात तेवढ्या एका गोष्टीवर काहीतरी इलाज असेल असं वाटायचं. घरातल्या विजेच्या वस्तू त्याच्या होत्या. त्यातली एक माझ्या हातून नीट झाली असती तर मला काय मिळणार होतं, ते मला अजूनही सांगता येत नाही. पण मला ते हवं होतं.

जानेवारी संपता संपता एका सकाळी कुकरमधून पेज उतू आली. फसफसत भोकातून वर आली आणि कडेने खाली गळून बुडात शिरली. खट्कन आवाज झाला आणि घरातली वीज गेली. मी मीटरच्या पेटीतला खटका वर केला. तो परत पडला. कुकरची पिन काढली तेव्हा कुठे टिकला.

मी त्या दिवशी रजा टाकली. त्याची हत्यारांची पेटी काढली, कुकर उलटा केला आणि बुडाचे स्क्रू सोडवले. आत वायरी, पत्रा आणि सगळीकडे पेजेचे ओघळ. मी ओल्या फडक्याने पुसलं, मग कोरड्याने, मग दोन तास उन्हात ठेवलं. परत स्क्रू लावले. आई आपल्या खाटेवर बसून सगळं बघत होत्या.

"दुकानात दे," त्या म्हणाल्या.

"होतंय आई. ह्यांनी किती वेळा केलंय माझ्यासमोर."

मी पिन लावली, बटण दाबलं. खटका पडला नाही. दिवा लागला. मग मी कुकर थोडा भिंतीकडे सरकवावा म्हणून त्याला हात लावला आणि दंडापर्यंत झिणझिणी गेली. फार मोठा झटका नव्हता. मी ओरडले आणि मागे सरकले. आई खाटेवरून कशा उठल्या ते मला कळलं नाही. गुडघे दुखतात म्हणून त्या एरवी भिंत धरून चालायच्या. त्यांनी लाकडी लाटणं उचललं आणि पिनेवर असं हाणलं की पिन निखळून खाली पडली. मग माझ्या दोन्ही खांद्यांना धरून त्यांनी मला गदागदा हलवलं.

"तुला बी जायचंय का? तुला बी जायचंय? मंग मला आधी नदीत टाक नि जा!"

तो गेला त्या दिवशी त्या रडल्या नव्हत्या. पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारातली बायामाणसं त्यांच्याभोवती बसली होती, तेव्हाही त्या नुसत्या चटईची काडी सोलत बसल्या होत्या. त्या दुपारी ओट्यापाशी खाली बसून रडल्या. मी त्यांच्याशेजारी बसले. मला रडू येत नव्हतं, हात अजून झिणझिणत होता. त्या माझा तोच हात धरून होत्या.

दुसऱ्या दिवशी मी कुकर पिशवीत घालून देवळाली कॅम्पला गेले. तिथल्या बाजारात माझ्या नवऱ्याच्या ओळखीचे एक दुरुस्तीवाले आहेत. पन्नाशी ओलांडलेले, शांत. फौजी लोकांच्या बदल्या झाल्या की त्यांच्या बायका मिक्सर, इस्त्र्या, गिझर तिथे आणून देतात, म्हणून दुकानात पाय ठेवायला जागा नसते. माझा नवरा सुट्टीच्या दिवशी तिथे जाऊन उगाच बसायचा. त्यांनी मला बघून आपलं स्टूल पुसून दिलं.

"वहिनी, तुम्ही फोन करायचा, मी घरी आलो असतो."

त्यांनी बूड उघडलं आणि आतले डाग बोटाने चाचपले. "हे कुणी पुसलं?"

"मी."

"ओल्याने?"

मी मान हलवली.  त्यांनी आतलं पाणी कुठे कुठे शिरलं होतं ते दाखवलं, गंजलेला एक भाग बदलला, गरम हवेने सगळं वाळवलं. "आता करंट येणार नाही," म्हणाले. "पण पेज परत उतू गेली तर परत हेच होणार. पाणी कमी करा."

मी घरी येऊन आईंना सांगितलं, "कॅम्पातले दुरुस्तीवाले भाऊ म्हणाले, पाणी कमी करा."

"बरं," त्या म्हणाल्या.

आठ दिवस गेले. भात ओलाच होता.

त्या आठवड्यात ऑफिसात माझी एका साहेबांशी वादावादी झाली होती. नवऱ्याच्या कागदपत्रांसाठी कुठल्यातरी दाखल्यावर सही हवी होती आणि ती मिळत नव्हती. दुपारी डबा उघडला तर तळाशी पाणी. मी डबा बंद केला आणि उपाशीच काम करत राहिले. संध्याकाळी घरी आल्यावर चप्पल काढायच्या आधीच मी बोलले. आई दाराशी पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या.

"आई, अख्ख्या शाळेला जेवायला घालत होतात ना तुम्ही? मग दोन माणसांचा भात तुमच्याच्याने होत नाही?"

त्यांनी तांब्या टीपॉयवर ठेवला.  रात्री मी वाढलं तेव्हा त्यांनी भाताला हात लावला नाही, चतकोर भाकरी वरणात कुस्करून खाल्ली आणि ताट स्वतः घासून ठेवलं. मी माफी मागायला हवी होती. मागितली नाही. मला वाटलं, मी चुकीचं काय बोलले? खरंच तर होतं.

मी कुकर परत कॅम्पला नेला. या वेळी दुरुस्तीवाल्यांनी तो उघडलाच नाही. म्हणाले, "ठेवून जा. उद्या या."

दुसऱ्या दिवशी गेले तर त्यांनी कुकरचं झाकण उघडून मला आत बघायला सांगितलं. त्यांनी स्वतःच्या घरचा तांदूळ आणून त्यात भात लावला होता. पांढरा, मोकळा भात. त्यांनी एका ताटलीत घालून माझ्यापुढे केला. मी दुकानात उभ्या उभ्या दोन घास खाल्ले. दोन-अडीच महिन्यांत मी तसा भात खाल्ला नव्हता.

"मशीन चांगलं आहे, वहिनी," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "घरी पाणी कोण घालतं, ते एकदा उभं राहून बघा."

रविवारी मी आंघोळीला गेले नाही. पोळ्या झाल्यावर ओट्यापाशीच थांबले. आईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "जा की, आंघोळ कर."

"करते. तुमचं चालू द्या."

त्यांनी कुकरबरोबरच्या कपाने तांदूळ घेतले. दोन कप. बोट फिरवून कप काठाशी सपाट करून घेतला, दोन्ही वेळा. तांदूळ धुतले, पाणी निथळून भांड्यात घातले. भांडं बाहेरून कोरडं पुसलं. मी शिकवलेली एकही गोष्ट त्या विसरल्या नव्हत्या. मग त्यांनी फळीवरचा स्टीलचा तांब्या घेतला, उजव्या हाताचं बोट आत घातलं, आतल्या बाजूला काहीतरी चाचपलं आणि बोट तिथेच ठेवून नळ सोडला. पाणी बोटाला लागल्यावर नळ बंद केला. तांब्यातलं सगळं पाणी भातात ओतलं.

मी तांब्या त्यांच्या हातातून घेतला आणि उजेडात धरला. आत, गळ्याच्या खाली, एक आडवी रेघ कोरलेली होती. टोकदार काहीतरी घेऊन, दाबून, दोन-तीनदा फिरवून. बोटाला स्पष्ट लागेल इतकी खोल.

"हे काय आहे, आई?"

"त्यानं केलंय," त्या म्हणाल्या. "त्या भांड्यातल्या रेघा मला दिसत नाय. म्हणून त्यानं हितं खूण केली. म्हणाला, आई, तीन कप तांदूळ, नि हितपर्यंत पाणी."

मी कुकरमधल्या तांदळाकडे बघितलं. ते दोन कप होते.

"आई, हे पाणी तिघांचं आहे."

"मला काय कळत नाय व्हय?"

त्या हे चिडून बोलल्या नाहीत. अगदी साध्या आवाजात बोलल्या. मग भिंतीला धरून पाटावर बसल्या. मी ओट्याला टेकून उभी होते.

"पयल्यांदा मी तीन कपच लावायची," त्या म्हणाल्या. "त्याचा भात उरायचा. तू म्हणालीस, आई, आता दोघींचाच करत जा. उरलेला तू खाली नेऊन कुत्र्यांना घातलास. दोन दिवस घातलास. मी गॅलरीतनं बघत होते."

मी ते पूर्ण विसरले होते. आठवायला गेले तेव्हा जिन्याची पायरी आठवली, हातातली कढई आठवली आणि खालची पिवळी कुत्री. अन्न वाया जाऊ नये म्हणून नेलं होतं. गॅलरीत कोण उभं आहे ते वर मान करून पाहिलं नव्हतं.

"म्हणून मी तांदूळ कमी केला," आई म्हणाल्या. "तू म्हणालीस तसा. पर पाणी नाय झालं. रोज ठरवायची, आज खाली थांबायचं. बोट त्या रेघेला लागतं नि मग तिच्या खाली हात येत नाय. त्यानं सांगितलंय ना, हितपर्यंत." मग म्हणाल्या, "नवा तांदूळ, नवा तांदूळ, असं खोटंच सांगत होते मी तुला. तू एवढी खटपट करत होतीस. रबर धूत होतीस. मला लाज वाटायची."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. त्या वेळी सगळं माझ्या हातात होतं. मी म्हणू शकले असते, आई, राहू दे, आपण असा ओला, आसटच भात खाऊ. आजारी माणसं खातात, लहान पोरं खातात, आपणही खाऊ. जास्तीचं पाणी काय, वरून चमच्याने काढून टाकता आलं असतं. पण तेव्हा मला ते सुचलं नाही. मी त्यांच्याशेजारी बसले, त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडले आणि रडता रडता म्हणाले, "आई, आता तो नाही. आपण दोघीच आहोत. आपल्याला सवय करायला पाहिजे."

त्यांनी माझ्या केसांवरून हात फिरवला. "व्हय," म्हणाल्या. "करायला पायजे."

सोमवारी ऑफिसात डबा उघडला तर भात मोकळा झालेला. दाणा न् दाणा वेगळा. झाकणाला एक थेंब नाही. शेजारच्या बाई म्हणाल्या, "अरे वा, झाला वाटतं कुकर दुरुस्त!" मी हो म्हणाले. एक घास खाल्ला आणि डबा बंद केला. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले.

त्यानंतर भात एकदाही बिघडला नाही. आईंनी पाणी कशाने मोजलं ते मी विचारलं नाही. त्यांचं बोलणं मात्र कमी झालं. आधी त्या त्याच्याबद्दल काही ना काही सांगायच्या, लहानपणी ओढ्यात कसा पडला, शाळेत खिचडी वाढताना आईला "बाई" कशी हाक मारायचा, म्हणजे बाकीच्या पोरांना वाटू नये की हिच्या पोराला जास्त मिळतंय. ते सगळं थांबलं. दुपारी एकट्याच बसून असायच्या. मी आले की उठायच्या, पाणी द्यायच्या, परत बसायच्या. जेवणही कमी झालं. मी खोदून विचारलं तर "भूक नाय" एवढंच.

आषाढात त्या म्हणाल्या, "भावाकडं आवणी लागलीय. माणसं मिळंनात. भाकरी करायला तरी जाऊन येते पंधरा दिवस." गावाकडे भाताची रोपं लावायला लागले की सगळं गाव चिखलात असतं, आणि त्यांची भाकरी शेतावर पोचवायला घरात एक बाई लागते. मी त्यांची पिशवी भरली. डोळ्यांचे थेंब, दोन लुगडी, स्वेटर. भाचा येऊन त्यांना घेऊन गेला.

पंधरा दिवसांचा महिना झाला. फोनवर म्हणायच्या, "पाऊस लय हाय, रस्ता खराब हाय." मग म्हणाल्या, "तण वाढलंय, निंदणी होऊ दे." मी दर दुसऱ्या रविवारी घोटीची बस पकडून जायला लागले. पहिल्यांदा गेले तेव्हा त्या पडवीत चुलीपुढे बसल्या होत्या. भाऊ, भावजय, दोन भाचे, त्यांच्या बायका, पोरं आणि शेतावरची चार माणसं. मोठ्या पातेल्यात भात रटरटत होता. त्या त्यावर वाकल्या, वाफेतून आत बघितलं आणि भाचेसुनेला म्हणाल्या, "अजून एक तांब्या." अंगाने थोड्या भरल्या होत्या. मला बघून हसल्या. कितीतरी महिन्यांनी मी त्यांचे दात पाहिले.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. पण मी ते बघितलं आणि मला कळलं की त्या आता परत येणार नाहीत.

तरी मी विचारलं. पडवीत दोघीच होतो तेव्हा म्हटलं, "आई, घरी चला ना."

त्या चुलीतलं लाकूड मागे ओढत होत्या. "हितं माणसं लय हायेत गं," त्या म्हणाल्या. "एखादं कमी-जास्त झालेलं कळत नाय. तिथं दोनच ताटं असतात." मग घाईने म्हणाल्या, "तू काय मला वाईट वागवलं नाय हां. तसं मनात आणू नको. लेकीसारखं केलंस."

"मी तुम्हाला बोलले होते," मी म्हणाले. "शाळेवरून."

"ते व्हय?" त्यांनी हात झटकला. "ते मी कवाच विसरले." पण त्या विसरल्या नव्हत्या, कारण कशावरून म्हणते ते त्यांनी विचारलंच नाही. लगेच कळलं त्यांना.

त्या दिवशी मला पोचवायला त्या घोटीच्या स्टँडपर्यंत आल्या. पाऊस थांबला होता आणि सगळीकडे चिखल होता. भाच्याच्या गाडीवर मागे बसून आल्या, हातात माझ्यासाठी पाच-सहा किलो तांदळाचं गाठोडं. बस लागली. मला खिडकीची जागा मिळाली. त्या खाली उभ्या राहून खिडकीच्या गजाला धरून एकेक सांगत होत्या. पोचलीस की फोन कर. तांदळात कडुलिंबाचा पाला टाक. रात्री दाराची कडी दोनदा बघ. कंडक्टरने घंटी मारली. त्यांनी गज सोडला आणि बसबरोबर दोन पावलं चालत घाईघाईने विचारलं, "स्टँडवर घ्यायला येईल ना तुला?"

गावाहून आम्ही दोघी परत यायचो तेव्हा नेहमी तो यायचा घ्यायला. महामार्ग स्टँडच्या फाटकापाशी गाडी लावून उभा असायचा.

त्यांच्या तोंडून निघालं आणि त्या जागीच थांबल्या. हात तोंडावर गेला. बस हळूहळू वळत होती. मी खिडकीतून मान काढून ओरडले, "रिक्षा मिळते आई! लगेच मिळते!" त्यांना ऐकू गेलं की नाही कुणास ठाऊक. त्या तशाच, तोंडावर हात ठेवून, चिखलात उभ्या होत्या. त्यांचा भाचा गाडी वळवून मागून त्यांना हाका मारत होता.

नाशिकला उतरले तेव्हा अजून उजेड होता. गाठोडं जड होतं. फाटकापाशी दोन रिक्षा उभ्या होत्या. मी पहिल्या रिक्षात बसले आणि उपनगर सांगितलं.